मुळं कुजायच्या आत: उतारावरची झाडं तोडल्यावर ओढ्याचा काठ पुन्हा कसा उभा करावा

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराला पाठ टेकून उभी आहे. कुंपणाच्या भिंतीपलीकडे उतार, आणि उताराच्या कुशीतून खाली येणारा ओढा. पावसाळ्यात रात्री खिडक्या बंद केल्या तरी त्याचा आवाज ऐकू येतो, एप्रिलमध्ये नुसते दगड उरतात. एका वादळात तिथलं मोठं झाड भिंतीवर पडलं, लोक घाबरले, रीतसर परवानगी निघाली आणि दोन दिवसांत काठावरची चाळीसेक झाडं गेली. तोडणाऱ्या ठेकेदाराने गेटच्या बाजूचे अकरा बुंधे जेसीबीने उपटूनही काढले. जागा कशी स्वच्छ दिसते, म्हणून आम्ही सगळ्यांनी समाधान मानलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या स्वच्छ जागेतला मुरूम आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर साचला. जिथे बुंधे जागेवर राहिले होते तो भाग मात्र जसाच्या तसा. पुढची दोन वर्षं आम्ही तो भाग विसरलो. तिसऱ्या पावसाळ्यात तोही सुटायला लागला. मी एका जुन्या बुंध्याचं अंगठ्याएवढं मूळ हाताने ओढून पाहिलं तर साल मोज्यासारखी निघून आली आणि आतलं लाकूड बोटांत चुरलं.

कामाचा सगळा हिशेब त्या मुळात आहे. झाड तोडल्यावर मुळं लगेच सोडत नाहीत, माती धरून ठेवतात, पण दरवर्षी थोडी थोडी कुजत जातात. बारीक मुळं आधी जातात, आणि माती खरी त्यांनीच शिवलेली असते. म्हणजे हाती साधारण दोन-तीन पावसाळे असतात. तेवढ्यात नवी मुळं खाली पोचली पाहिजेत. म्हणून ‘आता लगेच झाडं लावू या’ हा पहिला विचार बाजूला ठेवा. आधी वरून येणारं पाणी, मग उघडी माती, मग गवत आणि झुडपं. झाडं सगळ्यात शेवटी.

आधी जागा कुणाची ते बघा

ठाण्यात आणि नवी मुंबईत डोंगराचा उतार म्हटला की मालकी गुंतागुंतीची असते. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागली तर आतल्या एका काडीलाही हात लावायचा नाही, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. हद्दीबाहेरचा पट्टाही २०१६ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो. नवी मुंबईत, पारसिकच्या रांगेत किंवा खारघरच्या डोंगरात, जमीन सिडकोची, वनखात्याची की खाजगी हे सातबारा आणि नकाशा काढल्याशिवाय कळत नाही. उरलेली झाडं छाटायची असली तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ओढ्याच्या पात्रात काहीही बांधण्याआधी ठाण्यात प्रभाग समितीत आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गवत आणि झुडपं लावायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण लेखी असलेलं बरं.

उतार मोजा, आणि कुठे थांबायचं ते ठरवा

एक मीटरची सरळ काठी, तिच्यावर गवंड्याची पाणपातळी, आणि मोजपट्टी. काठीचं एक टोक उतारावर टेकवा, काठी आडवी सपाट धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. पन्नास सेंटीमीटर आलं तर उतार साधारण २७ अंशांचा. सत्तर आलं तर ३५. पूर्ण एक मीटर आलं तर ४५.

माझं मत स्पष्ट आहे: सत्तर सेंटीमीटरच्या पुढे सोसायटीने, शाळेने किंवा स्वयंसेवकांच्या गटाने स्वतःच्या हिमतीवर काम करू नये. मृदा-अभियंत्याला बोलवा. आणि उतार कितीही असो, जमिनीत चंद्रकोरीसारखी नवी भेग पडलेली दिसली, सरळ उभी झाडं किंवा खांब कलले, भिंतीला पोट सुटलं, किंवा कोरड्या जागेतून अचानक गढूळ पाणी झिरपू लागलं, तर काम सोडून खालच्या लोकांना हलवायचं आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवायचं. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीत काय झालं ते आपण पाहिलं आहे. अशा जागी रोपं घेऊन जायचं नसतं.

आणखी एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. माथ्यावरचं पाणी मुरवायला सलग समतल चर खणायची पद्धत माळरानावर आणि सौम्य उतारावर उत्तम आहे. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बेसॉल्टच्या कातळावर पातळसा मुरूम आणि माती असते. अशा तीव्र उतारावर चर खणून पाणी अडवलं की ते कातळापर्यंत मुरतं आणि वरचा थर जड होऊन, बुळबुळीत होऊन घसरतो. घरांच्या डोक्यावरच्या उतारावर चर खणू नका.

वरचं पाणी वळवा

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पण उघड्या उताराचं मोठं नुकसान आभाळातून थेट पडणाऱ्या पाण्याने होत नाही, एका जागी गोळा होऊन सुटलेल्या पाण्याने होतं. छत्री घ्या आणि मध्यम पावसात उताराच्या माथ्यावरून, सुरक्षित जागेवरून, नीट बघा. आम्हाला तीन जागा सापडल्या: गच्चीच्या पन्हाळीचा पाइप जो भिंतीबाहेर तसाच सोडला होता, फिरायला जाणाऱ्यांनी पाडलेली पायवाट, आणि तोडलेली झाडं ओढत खाली आणल्याने पडलेला चर. तिसरी जागा सगळ्यात वाईट, कारण ती थेट वरून खाली जाते.

पाइप लांबवून पाणी ओढ्याच्या दगडी पात्रात, पाणी पडेल तिथे मोठे दगड मांडून सोडा. पायवाट असेल तर दर पाच-सहा मीटरवर तिच्या आडवा, किंचित तिरका, ओंडका पुरा, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूच्या गवतात पसरेल. झाडं ओढल्याने पडलेले चर फांद्यांनी गच्च भरा, जाड टोकं खालच्या दिशेला, आणि वर दगड ठेवा. हे मे महिन्यातच संपवायचं.

बुंधे राहू द्या, लाकूड आडवं टाका

बुंधे उपटायचे नाहीत. जमिनीपासून वीतभर उंचीवर कापलेले असतील तर तसेच राहू द्या. आपल्या डोंगरांवर गिरिपुष्प फार आहे, ज्याला उंदीरमारीही म्हणतात. ते परदेशी आहे, त्याच्याखाली फारसं काही येत नाही, मला ते अजिबात आवडत नाही. तरीही त्याच्या बुंध्याला फुटलेले धुमारे पहिली चार वर्षं ठेवा, कारण धुमारा जिवंत म्हणजे खालचं मूळ जिवंत. उंची कंबरेपेक्षा वाढू लागली की छाटा, छाटलेला पाला तिथेच पसरा. त्यात नत्र भरपूर असतं.

तोडलेलं लाकूड विकायच्या घाईत सगळं उचलून देऊ नका. मनगट ते मांडीएवढे ओंडके उताराला आडवे टाकायचे आहेत. आडवी रेषा नजरेने काढली तर ती नेहमी चुकते. तीन बांबू बांधून ए-आकाराची चौकट करा, वरून ओळंबा सोडा, सपाट जागी ओळंब्याची मधली खूण करून घ्या, आणि मग उतारावर चौकट चालवत नेऊन, ओळंबा त्या खुणेवर येईल तिथे तिथे खुंट्या ठोका. ओंडक्याचा तिसरा हिस्सा मातीत बसला पाहिजे, खालच्या बाजूला दर मीटरला एक खुंटी, आणि वरच्या बाजूची फट मातीने दाबून बंद. फट राहिली तर पाणी खालून वाट काढतं आणि मग ओंडका असून नसल्यासारखाच. दोन ओळींत साधारण तीन मीटर अंतर ठेवा आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवा.

आमच्याकडे मजुरीला येऊरच्या पाड्यावरून एक वारली मावशी येत होत्या. आमच्या ओंडक्यांची ओळ बघून म्हणाल्या, “ताई, एवढं लांब लाकडाला लाकूड कशाला लावता? मधे कूड घाला की.” कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची विणलेली भिंत, त्यांच्या घराला असते तीच. त्यांनी हातभर अंतरावर खुंट्या ठोकल्या आणि छाटलेल्या ओल्या फांद्या एक आत एक बाहेर अशा विणत गेल्या, दर दोन फेऱ्यांनी पायाने दाबत. गुडघ्याच्या खालपर्यंतच उंची. पहिल्या पावसात त्या कुडामागे माती साचली, पाणी गाळून खाली गेलं. ओंडक्यांमागे साचली त्याहून जास्त. पुढच्या वर्षी आम्ही ओंडके कमी आणि कूड जास्त केले, आणि ज्यांना बांबूचं किंवा काठ्यांचं काम येतं अशा स्थानिक माणसांना चांगली मजुरी देऊन आधी त्यांचं ऐकलं.

पात्रात पडलेल्या फांद्या मात्र काढून टाका. त्या वाहत जाऊन खालच्या मोरीत अडकतात आणि पाणी रस्त्यावर येतं. पात्रातले दगड हलवू नका, काठाच्या पायाशी रचायला लागणारे दगड बाहेरून आणा. आणि काठ उभा करायला सिमेंटची भिंत सुचवणारा कुणीतरी बैठकीत हमखास उठतोच, त्याला सांगा की भिंतीमुळे पाण्याचा वेग वाढतो आणि भिंत संपते तिथला काठ आधी जातो.

उघडी माती झाका

२७ अंशांपर्यंतच्या उतारावर पाला, छाटलेलं गवत आणि भाताचा पेंढा बोटभर जाडीने पसरला तरी भागतं. त्याहून उभ्या पट्ट्यावर काथ्याची जाळी घ्या. तागाची जाळी वर्षभरात कुजते, काथ्याची दोन-तीन वर्षं टिकते, आणि आपल्याला नेमकी तेवढीच वर्षं हवी आहेत. प्लास्टिकची जाळी नको, तिच्यात साप आणि सरडे अडकतात.

जाळी अंथरताना चूक होते ती ताणण्यात. तंबूसारखी ताणलेली जाळी मातीपासून सुटते आणि पाणी तिच्याखालून धावतं. माथ्यावर वीतभर खोल खाच काढून वरची कड त्यात पुरा, मग सैलसर खाली उलगडत या. शेजारच्या दोन पट्ट्या चार बोटं एकमेकींवर याव्यात. बांबूच्या खुंट्या दर मीटरला, आणि जिथे खड्डा आहे तिथे जास्त, म्हणजे जाळी मातीला चिकटून राहील. त्याआधी मातीवर बी टाकायला विसरू नका. आम्ही नाचणी आणि ताग टाकला, पंधरा दिवसांत हिरवं झालं. ते एका हंगामाचं पीक, पण पहिल्या मोठ्या सरी त्यानेच झेलल्या. सोबत पवना आणि मारवेलसारख्या डोंगरी गवतांचं बी मिसळा, ती पुढे टिकतात.

टणटणी आणि रानमोडी काठावर माजलेली असेल तर सगळी एकदम उपटायचा मोह होतो. पावसाच्या तोंडावर हे करू नका. दोन-दोन मीटरचे आडवे पट्टे पाडा, एक काढा, एक ठेवा, काढलेल्या पट्ट्यात लागवड करा आणि ती धरली की पुढच्या वर्षी उरलेला पट्टा.

वाळा आणि जिवंत खुंट्या

आता मुळांचं खरं काम. वाळा लावा, आणि रोपवाटिकेत बी न धरणारा दक्षिणी वाळा मागा, म्हणजे तो पसरणार नाही. त्याची मुळं सरळ खाली जातात, चांगली माती मिळाली तर वर्षा-दोन वर्षांत दोन मीटरच्या पुढे. दोन-तीन काड्यांचा फुटवा, पानं वीतभर ठेवून छाटलेली, आडव्या ओळीत दर १५ सेंटीमीटरला एक. वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवून पैसे वाचवले तर कुंपण बनत नाही, मधल्या फटींतून पाणी जातं. तीव्र उतारावर दर मीटरभर उंचीला एक ओळ. वाळ्याला सावली सोसत नाही, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं: झाडं मोठी झाली की तो आपोआप विरळ होतो.

दोन ओळींच्या मधे जिवंत खुंट्या. निर्गुडी, पांगारा, मोई, उंबर, आणि पाण्याच्या अगदी जवळ वाळुंज. अंगठ्याइतकी जाड, दोन ते अडीच फूट लांब फांदी, खालचं टोक तिरपं कापा, वरचं सपाट. कापल्यावर एक रात्र पाण्यात उभी ठेवा. पहारीने आधी भोक पाडा, मग खुंटी आत घाला. हातोड्याने थेट ठोकली तर साल फाटते आणि खुंटी आतून सडते. तीन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर, आणि डोळे वरच्या दिशेला. उलटी लावलेली खुंटी फुटत नाही, आणि दिवसभर वाकून काम केल्यावर शेवटच्या तासात खूप खुंट्या चुकून उलट्या लावल्या जातात, म्हणून वरच्या टोकाला आधीच चुन्याचा ठिपका द्या. भोकात मोकळी जागा राहिली असेल तर माती भरून पायाने घट्ट करा. दर चौरस मीटरला तीन. पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावायला घ्या. थोड्या मरतातच, तेवढ्या जास्तीच्या जवळ ठेवा.

झाडं आणि त्यांच्या जागा

काठाचे तीन पट्टे मनात धरा. दोन्ही बाजूंना किमान दहा मीटर मिळाले तर उत्तम, उतार जितका उभा तितके जास्त.

पाण्यालगत, जिथे पुरात सगळं झोपतं आणि पुन्हा उठतं, तिथे लवणारी झुडपं हवीत: शेरणी, वाळुंज, निर्गुडी. शेरणी खडकाच्या भेगेत रुजते आणि पुराचं पाणी डोक्यावरून गेलं तरी जागची हलत नाही. मोठं झाड अगदी कडेला लावू नका. काठ खालून पोखरला गेला तर ते स्वतःबरोबर गाडीभर माती घेऊन पात्रात येतं.

मधल्या पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ, पाणजांभूळ, अर्जुन, कळंब आणि तामण. तामण आपलं राज्यफूल, आणि ओढ्याचा काठ हे त्याचं मूळ घर आहे. वरच्या कोरड्या भागात ऐन, पळस, काटेसावर, कुडा, धायटी, मुरुडशेंग. कारवी मिळाली तर तिच्यासारखी दुसरी उतार धरणारी नाही, पण ती आठ वर्षांतून एकदा फुलते. येऊरला २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये, त्यामुळे बी हवं तेव्हा मिळत नाही. जंगलातून उपटून आणायची तर मुळीच नाही. गुलमोहर, कोनोकार्पस, सुबाभूळ कुणी फुकट दिले तरी घेऊ नका.

रोप दीड-दोन फुटांचंच घ्या. उद्घाटनाला सहा फुटी झाडं छान दिसतात, पण उतारावर वारा त्यांना हलवतो आणि मुळं धरतच नाहीत. खड्डा एक फूट लांब, रुंद, खोल, त्याहून मोठा नको. निघालेली माती खालच्या बाजूला छोट्या अर्धचंद्रासारखी दाबा. दोन रोपांत अडीच-तीन मीटर, ओळी चुकवून. जुलैच्या मध्याच्या आत लागवड संपवा, म्हणजे रोपाला अडीच महिने ओल मिळते. जांभळाचं बी जूनमध्ये फळ खाल्लं की लगेच पिशवीत पेरा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही.

त्यानंतरची चार वर्षं

पैसे आणि उत्साह दोन्ही पहिल्या ऑगस्टमध्ये संपतात, आणि रोपं मरतात ती पुढच्या मार्चमध्ये. खर्चाचा निम्मा भाग देखभालीला बाजूला काढूनच सुरुवात करा. पहिले दोन उन्हाळे, फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत, रोपाला आठवड्याला सहा-सात लिटर पाणी आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन. पाणी संध्याकाळी घालायचा मोह टाळा, येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. काम सकाळी आठनंतर सुरू करा, सहाच्या आत उतरा आणि एकटं जाऊ नका. गुरं आणि शेळ्या येत असतील तर काट्यांचं कुंपण करा आणि त्यांच्या मालकाशी बोला, गवत कापून नेण्याची मुभा दिली की ते स्वतःच राखण करतात. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढा, कारण वणवा वरच्या वाळलेल्या गवतातून येतो. तिथे गवत फक्त कापायचं, माती खरवडायची नाही.

पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर अर्धा तास फिरून या. ओंडक्याखालून पाणी निघालं असेल तर त्याच दिवशी दाबा, मुठीएवढं भोक महिन्याभरात हातभर होतं. एका ठरलेल्या दगडावर उभं राहून दर महिन्याला एकच फोटो काढा. आणि पाऊस थांबल्यावर दोन तासांनी ओढ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. पहिल्या वर्षी आमच्या ग्लासात चहासारखं पाणी होतं आणि तळाला बोटभर गाळ बसला. चौथ्या वर्षी ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता येत होती.

त्याच चौथ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, करंज आणि उंबर डोक्याच्या वर गेले असतील तर गिरिपुष्पाचे धुमारे संपवायला घ्या. सगळे एकदम नाही. दरवर्षी चारातला एक बुंधा निवडा, ज्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे नवं झाड उभं आहे असा, आणि त्याचे धुमारे फुटतील तसे दर महिन्याला मोडत राहा. वर्षभरात तो थकतो. मग पुढचा.